हिरवा वर्ग

गणिताच्या बाईंचा तास पस्तीस मिनिटांचा होता आणि त्यातला निम्मा वेळ मुलांचे टॅब सुरू होण्याची वाट बघण्यात जात असे. कपाटातून टॅब काढायचे, बाकाबाकावर वाटायचे, मग ज्याचं चार्जिंग संपलंय त्याने भिंतीकडे धाव घ्यायची. भिंतीत प्लग लावायची जागा एकच, आणि तिथे मोठ्या पडद्याची वायर आधीच ठाण मांडून बसलेली. कुणाला पासवर्ड आठवत नसे. कुणाला आठवे, पण तो यंत्राला पटत नसे. उरलेल्यांच्या टॅबवर ते मेलं पांढरं चक्र फिरत राही. बाई त्या चक्राकडे बघत उभ्या राहत आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. मुलांनी गोंधळ घातला तर काय करायचं हे त्यांना इतक्या वर्षांच्या नोकरीत पक्कं ठाऊक झालं होतं, नुसता चष्मा काढून हातात धरला तरी वर्ग चिडीचूप होई. चक्रासमोर चष्मा काढून काय उपयोग?

त्यात तो मोठा पडदा. तो बसवायला आलेल्या माणसांनी तो थेट फळ्यावरच ठोकला होता. शेजारी भिंत मोकळी होती, पण वायर तिथवर पोचत नव्हती, आणि लांब वायर आणायची कुणी हे त्यांचं आपसात ठरलं नाही. त्यामुळे फळ्याचा एक तृतीयांश भाग पडद्याआड गेला आणि उरलेल्या दोन तृतीयांशावर बाई सहावीला अपूर्णांक शिकवू लागल्या. शिक्षकांच्या खोलीत यावर पुष्कळ हसून झालं. बाईंना काही हसू आलं नाही.

टॅब आले ते एका कंपनीच्या ॲपसकट. त्या ॲपवर दर वर्गाने रोज दहा प्रश्न सोडवायचे असत. वर्गाने ते बरोबर सोडवले की मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या संगणकावर त्या वर्गाचा चौकोन हिरवा होई. अर्धेमुर्धे झाले तर पिवळा, नाहीतर लाल. मुख्याध्यापक पूर्वी भूगोल शिकवत. हात न उचलता खडूच्या एका रेषेत अख्खा खंड काढणारा माणूस, पण आता दिवसभर त्या चौकोनांकडे बघत बसे. बाईंच्या सहावीचा चौकोन कितीतरी आठवडे लालभडक होता. रोज मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक त्यांना दारात गाठून, जरा लक्ष द्या बाई, असं हळू आवाजात सांगत. घरात कुणी आजारी असावं अशा सुरात सांगत, त्याचा बाईंना जास्त राग येई.

कंपनीचा ट्रेनर अधूनमधून यायचा. चांगला मुलगा होता, पण त्याचं एकच वाक्य ठरलेलं होतं. मॅम, एकदम सोपं आहे. मग तो स्वतःच्या पिशवीतला, स्वतःच्या घरी चार्ज केलेला टॅब काढायचा आणि त्यावर सगळं चुटकीसरशी करून दाखवायचा. बाईंनी त्याला एकदा वर्गातले टॅब घेऊन करून दाखव म्हटलं. तेव्हा त्याला अचानक दुसऱ्या शाळेत जायचं आठवलं.

शेवटी बाईंनी आपल्यापुरता मार्ग काढला. त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या टॅबवर प्रश्न तेच येतात आणि त्याच क्रमाने येतात. मग काय, जेवढे टॅब सुरू झाले तेवढे पुरे, बाई आपल्या टॅबवर बघून सांगायच्या, पहिल्याला ब, दुसऱ्याला ड, तिसऱ्याला अ. मुलं बोटं वर करून तयार बसायची, बाईंनी अक्षर उच्चारलं की सगळी बोटं एकदम खाली. पाच मिनिटांत दहाच्या दहा प्रश्न उरकायचे. मग टॅब पालथे घालायचे, वह्या काढायच्या, आणि फळ्यावर खरा तास सुरू. निदान बाई त्याला खरा तास म्हणत. यंत्राला त्याचा नैवेद्य दाखवला की आपण आपलं काम करायला मोकळे, असा त्यांचा हिशेब होता. यात काही चुकतंय असं त्यांना एक क्षणभरही वाटलं नाही. उलट आपण यंत्राला कसं बनवलं याची थोडी शेखीच होती मनात.

सहावीचा चौकोन हिरवा झाला. भाषेच्या बाईंनी विचारलं, कसं काय जमवलंत? यांनी सांगितलं. भाषेच्या बाईंनी विज्ञानाच्या सरांना सांगितलं. हळूहळू सगळी शाळा हिरवीगार झाली आणि मुख्याध्यापकांचा चेहरा खुलला. ते दारात गाठायचे बंद झाले.

वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला बाई पणबाई म्हणत, कारण तिचं कुठलंही वाक्य 'पण बाई' असंच सुरू व्हायचं. पण बाई, शून्याने भागलं तर काय होतं? पण बाई, अर्ध्याचं अर्धं करत गेलो तर कधी संपणारच नाही का? वर्षाच्या सुरुवातीला तिने बाईंच्या नाकी नऊ आणले होते. अलीकडे ती बरीच गप्प झाली होती. मोठी होतेय, समज येतेय, असं बाईंना वाटलं आणि बरंही वाटलं.

मग एका सोमवारी मुख्याध्यापकांनी बाईंना खोलीत बोलावलं, बसायला खुर्ची दिली, आणि अभिनंदन केलं. सगळ्या शाळेत सहावीचा वर्ग सलग हिरवा राहिलेला एकमेव. संस्थेच्या अध्यक्षबाई शुक्रवारी स्वतः बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं की पुढच्या सोमवारी माणसं येऊन सहावीच्या वर्गातला फळा काढून टाकणार आणि तिथे भिंतभर पडदा लावणार. नंतर एकेक करून सगळ्या वर्गांतले फळे जाणार.

"फळा कशाला काढायचा?" बाईंनी विचारलं.

"अहो, तुमच्याच वर्गाने सिद्ध केलं ना, की फळ्याची गरज नाही."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांच्याकडे याला उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं. फळ्यामुळे मुलं शिकतायत म्हणावं तर मग त्या दहा प्रश्नांचं काय, हे सांगावं लागलं असतं. सांगितलं की भाषेच्या बाई आल्या, विज्ञानाचे सर आले, सगळी शाळा आली. शिवाय उद्यापासून ते दहा प्रश्न प्रामाणिकपणे करून घ्यायची सक्ती झाली असती, म्हणजे पुन्हा चक्र, पुन्हा पासवर्ड, आणि शिकवायला मिनिटभरही वेळ उरला नसता. बाई बरं म्हणून बाहेर आल्या. जिन्यात त्यांनी स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली. एवढ्या खटपटीने वाचवलेला फळा त्यांनी स्वतःच्या हाताने घालवला होता.

घरी जेवताना त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. नवरा शहर बसवर चालक होता. त्याच्याही बसमध्ये आता एक यंत्र बसवलं होतं, ते पुढचा थांबा मोठ्याने सांगायचं आणि बरेचदा मागचाच सांगायचं. प्रवाशांना आता सवय झाली होती, ते यंत्राचं ऐकून सोडून देत आणि याला विचारत. त्याने भात कालवत शांतपणे म्हटलं की एकदा काय ते खरं सांगून मोकळी हो.

"खरं सांगायला वेळ कुठाय? तास पस्तीस मिनिटांचा असतो," बाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

रात्री पडल्या पडल्या त्यांना उपाय सुचला आणि जिवात जीव आला. शुक्रवारी मुलांना काही सांगायचंच नाही. मुलांना अपूर्णांक येत होते, बाईंनी फळ्यावर घोटून घेतले होते. ती आपली आपण दहा प्रश्न सोडवतील. मग अध्यक्षबाईंना विनंती करायची की आता दहा मिनिटं फळ्यावरचं शिकवणंही बघा, आणि हा हिरवा रंग कुठून येतो ते त्यांच्या डोळ्यांनी त्यांनाच बघू द्यायचं. कुणाचं नाव घ्यायला नको, कुणाला तोंडघशी पाडायला नको.

गुरुवारी त्यांनी वर्गाला सांगितलं की उद्या पाहुण्या येतील, उद्या ज्याचं त्याने दाबायचं. मुलांनी माना डोलावल्या. पणबाईने हात वर केला.

"पण बाई, मग तुम्ही कधी सांगणार?"

बाईंनी ते कानाआड केलं. त्यांना फळा पुसायची घाई होती. आदल्या वर्षीच त्याला काळा रंग दिलेला, तरी मधोमध तो खडूने राखाडी झाला होता. त्यांनी ओल्या फडक्याने तो कोपऱ्या-कोपऱ्यातून पुसून काढला. पडद्यामागे हात जाईल तेवढा घालून तिथलाही पुसला. पाहुण्यांच्या नजरेत फळा नीट दिसायला हवा होता.

शुक्रवारी अध्यक्षबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, पूर्वी एका मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. त्यांची चाल अजून वॉर्डातून फेरी मारावी तशीच होती, प्रत्येक बाकापाशी क्षणभर थांबत त्या मागे जाऊन बसल्या. मुख्याध्यापक आणि ट्रेनर त्यांच्या दोन बाजूंना. आणि काय आश्चर्य, त्या दिवशी सगळ्यांचे टॅब चार्ज होते, सगळ्यांना पासवर्ड आठवले, आणि ते मेलं चक्र एकदाही फिरलं नाही. बाईंनी मनात म्हटलं, आज बरं शहाण्यासारखं वागतंय.

पहिला प्रश्न आला. सगळ्या मुलांनी बोटं वर केली.

आणि बोटं तशीच राहिली. कुणी दाबलं नाही. मुलं प्रश्नाकडे बघतच नव्हती, सगळी बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी डोळ्यांनी खुणावलं, दाबा. मुलांनी मान हलवली आणि बोटं आणखी थोडी वर नेली. मुलं विचार करतायत, असं ट्रेनर अध्यक्षबाईंच्या कानाशी कुजबुजला. मुख्याध्यापक खाकरले. प्रश्न साधा होता, अर्धं मोठं की एक तृतीयांश. वर्गातल्या प्रत्येकाला तो येतो यावर बाई पैज लावायला तयार झाल्या असत्या. पण एक बोट खाली येईल तर शपथ.

अध्यक्षबाई उठून पुढे आल्या आणि पणबाईच्या बाकापाशी थांबल्या. तू का दाबत नाहीस गं, असं त्यांनी तिला सरळ विचारलं.

"बाईंनी अजून सांगितलं नाही," पणबाई म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

ट्रेनर आपल्या बुटांकडे बघू लागला. बाईंचे कान तापले.

अध्यक्षबाई चिडल्या नाहीत. त्या मुख्याध्यापकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सगळे वर्ग हिरवे दाखवणारा तुमचा कागद मला आला तेव्हाच मी इथे यायचं ठरवलं. वॉर्डात सगळ्या पेशंटांचा ताप एकसारखा लिहिलेला दिसला, की मी आधी नर्सला बोलावून घ्यायची. थर्मामीटर कुठंय विचारायची."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाई बोलल्या, आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं बोलल्या. हो, मीच सांगते, तो नैवेद्य पाच मिनिटांत उरकते, आणि उरलेल्या वेळात या फळ्यावर मुलांना शिकवते, कारण टॅब नीट चालण्याची वाट बघत बसले तर वर्ष संपेल. दुसऱ्या कुणाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मुलांना सगळं येतं, त्या म्हणाल्या, तुम्ही बघाच. त्यांनी खडू उचलला, फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वर्गाकडे वळल्या.

"कोण येतंय सोडवायला?"

कुणी उठलं नाही. मुलांनी टॅब पालथे घातले, वह्या उघडल्या, पेन सरसावले, आणि सगळी पुन्हा बाईंच्या तोंडाकडे बघू लागली. बाई आता फळ्यावर सोडवतील आणि आपण उतरवून घ्यायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. बाई वाट बघत राहिल्या. मुलंही वाट बघत राहिली.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो फार लख्ख होता. टॅबवर अक्षर सांगायचं आणि फळ्यावर उत्तर लिहायचं, फरक फक्त खडूचा होता. दोन्हीकडे त्याच बोलत होत्या. वर्षभर त्यांनी यंत्राला नावं ठेवली, आणि स्वतःसुद्धा मुलांना वाट बघायलाच शिकवलं. पणबाई मोठी झाली म्हणून गप्प बसत नव्हती. तिला विचारायला जागाच उरली नव्हती. बाईंना इतकी लाज वाटली की अध्यक्षबाई, मुख्याध्यापक, फळा, सगळ्याचा क्षणभर विसर पडला. स्वतःचा एवढा संताप त्यांना याआधी कधी आला नव्हता.

त्या पहिल्या बाकापाशी गेल्या आणि खडू पणबाईपुढे धरला. पणबाई खडूकडे बघत राहिली. हात पुढे करेना.

"पण बाई, चुकलं तर लाल होईल ना?"

"फळा लाल होत नाही, बाळा. चुकलं तर पुसायचं."

पणबाई उठली. फळ्यापाशी उभी राहिली तेव्हा तिचा हात जेमतेम बाईंच्या अक्षरांपर्यंत पोचत होता. तिने वरच्या संख्यांची बेरीज केली, खालच्यांची बेरीज केली, आणि दोन छेद पाच असं लिहून टाकलं. हे साफ चूक होतं आणि हे बाईंनी निदान पन्नासदा फळ्यावर करून दाखवलेलं होतं. बाईंचे हात शिवशिवले. पुढे होऊन ते पुसावं, बरोबर लिहावं, झालं, असं त्यांना इतकं वाटलं की त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले होते.

काही वाजलं नाही. कुठे काही लाल झालं नाही. पणबाई आपल्या उत्तराकडे बघत उभी राहिली. मग मान तिरकी करून पुन्हा बघितलं.

"पण बाई," ती फळ्यालाच म्हणाल्यासारखी म्हणाली, "अर्ध्यात काहीतरी मिळवलं, आणि हे तर अर्ध्याहूनही कमी झालं."

आणि फडक्याची वाट न बघता तिने तळहाताने ते पुसून टाकलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आधी छेद सारखे कर. दुसऱ्याने विचारलं, कशाने? तिसरा म्हणाला सहाने, चौथा म्हणाला बाराने, आणि दोघांची जुंपली. गणित पूर्ण व्हायच्या आत घंटा झाली. दहा प्रश्नांतला एकही सुटला नव्हता.

अध्यक्षबाई जाताना दारात मुख्याध्यापकांपाशी थांबल्या. ती माणसं सोमवारी येणार असतील तर येऊ द्या, त्या म्हणाल्या, पडदा तेवढा शेजारच्या भिंतीवर सरकवून घ्या, फळा झाकला जातोय. वायर पोचत नाही, असं मुख्याध्यापक म्हणाले. मग लांब वायर घ्या, असं अध्यक्षबाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

ट्रेनरने मागे राहून बाईंना सांगितलं की काळजी करू नका मॅम, पुढच्या वेळी प्रत्येक टॅबवर प्रश्न वेगळ्या क्रमाने येतील, म्हणजे कुणाला काही सांगताच येणार नाही. एकदम सोपं आहे. इतक्या महिन्यांत त्याने पहिल्यांदाच काहीतरी कामाचं सांगितलं होतं, हे त्याला सांगायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.

सोमवारी पडदा सरकला. त्यामागचा फळ्याचा तुकडा काळाकुळकुळीत निघाला, बाकीच्या राखाडी फळ्यापुढे तो उठून दिसत होता. बाईंनी खडूचं खोकं पहिल्या बाकावर ठेवलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथे गुडघे मावत नव्हते. दहा प्रश्न मुलं आता आपापले सोडवत, निम्मे चुकत, कधी चक्र फिरत राहिलं तर सोडवतही नसत. सहावीचा चौकोन पुन्हा लालभडक झाला आणि मुख्याध्यापक पुन्हा दारात गाठू लागले. जरा लक्ष द्या बाई. लक्षच देतेय, बाई म्हणत.

मग एके दिवशी तास अर्ध्यावर आला असताना बाईंच्या पर्समध्ये फोन थरथरला. ॲपचा निरोप होता. आपला वर्ग मागे पडत आहे, आपल्याला मदत हवी आहे का? खाली हो आणि नाही अशी दोन बटणं होती. बाईंनी फोन परत पर्समध्ये टाकला.

फळ्यापाशी पणबाई आणि आणखी दोघं एका बेरजेवर अडली होती. पांढऱ्या हाताने कपाळ पुसत पणबाई मागे वळली.

"पण बाई, हे बरोबर आहे का?"

अख्खा वर्ग शेवटच्या बाकाकडे वळला, माना तिरक्या, तोंडं उघडी, वाट बघत. उत्तर बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, आणि गिळताना त्यांना खरोखर त्रास झाला.

"मला काय विचारतेस," त्या म्हणाल्या. "वर्गाला विचार."